श्रीमंतांवरील वाढीव प्राप्तिकराचा वाद : रोजगार हमी, व्यवसाय कर आणि यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

अतिश्रीमंतांवरील प्राप्तिकर वाढवावा की वाढवू नये, हा प्रश्न प्रत्येक अर्थसंकल्पाच्या सुमारास उपस्थित होतो आणि अर्थसंकल्प संमत झाला की मागे पडतो. गेल्या काही वर्षांत या वादाला नव्याने धार आली आहे. नितीनकुमार भारती, लुकास शान्सेल, थॉमस पिकेटी आणि अनमोल सोमंची यांनी मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार, २०२२-२३ मध्ये देशाच्या एकूण उत्पन्नापैकी २२.६ टक्के आणि एकूण संपत्तीपैकी ४०.१ टक्के वाटा सर्वांत वरच्या एक टक्का लोकांच्या हाती होता. याच अभ्यासकांनी मे २०२४ मध्ये १० कोटी रुपयांहून अधिक निव्वळ संपत्तीवर वार्षिक २ टक्के कर आणि तेवढ्याच मर्यादेपुढील वारसा-संपत्तीवर ३३ टक्के कर सुचविला. तत्पूर्वी एप्रिल २०२० मध्ये भारतीय महसूल सेवेतील काही अधिकाऱ्यांनी एक कोटीहून अधिक उत्पन्नावर ४० टक्के दर आकारावा असे टिपण तयार केले होते. सरकारने त्या टिपणाची जबाबदारी झटकली आणि संबंधित अधिकाऱ्यांवर कारवाई सुरू केली. प्रश्न किती संवेदनशील आहे, हे एवढ्यावरूनही ध्यानात येते.

२०११ च्या जनगणनेनुसार २७,७२,३४८ लोकसंख्या असलेल्या, १६ तालुक्यांच्या यवतमाळ जिल्ह्यात हा वाद वरकरणी दूरचा वाटतो. कोरडवाहू कापूस आणि सोयाबीन यांवर अवलंबून असलेल्या या जिल्ह्यात प्राप्तिकराच्या वरच्या अधिभाराला पात्र ठरणारी माणसे शोधूनच काढावी लागतील. परंतु कर कोणी द्यावा याबरोबरच करातून आलेले धन कोठे जावे, हाही या वादाचाच भाग आहे. आणि त्या अंगाने यवतमाळ या प्रश्नाच्या अगदी जवळ आहे. पुसद तालुक्यातील गहुली येथील वसंतराव नाईक राज्याचे मुख्यमंत्री असतानाच रोजगार हमी योजना राज्यभर लागू झाली, आणि या योजनेसाठी महाराष्ट्राने नोकरदार व व्यावसायिक वर्गावर स्वतंत्र कर बसविला. ‘असलेल्यांकडून घेऊन नसलेल्यांना काम देणे’ या तत्त्वाचा एवढा थेट प्रयोग देशात क्वचितच झाला असेल.

प्रस्तुत लेखात श्रीमंतांवरील करवाढीच्या बाजूने व विरोधात मांडल्या जाणाऱ्या प्रमुख युक्तिवादांची चिकित्सा करण्यात आली आहे. हा वाद ‘दर किती असावा’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला. कराचा पाया कोणता, वसूल झालेली रक्कम कोणाच्या तिजोरीत जाते आणि ती कोणत्या कामासाठी बांधलेली आहे, हे तीन प्रश्न त्यामुळे दुर्लक्षित राहिले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

मराठी विचारपरंपरेतील करन्याय

करांच्या न्याय्यतेचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात आणि १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात एक मूलभूत प्रश्न उपस्थित केला. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो. त्यातून चालणाऱ्या शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, ही त्यांची तक्रार होती. कर जड आहे एवढेच म्हणून ते थांबले नाहीत. कर देणारा कोण आणि त्याचा लाभ घेणारा कोण, यांचा ताळा त्यांनी मागितला.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी २६ मार्च १९०२ रोजी मध्यवर्ती कायदे मंडळात केलेल्या अर्थसंकल्पीय भाषणात शिलकी अंदाजपत्रकांवर टीका केली. लोक दुष्काळाने गांजलेले असताना तिजोरीत शिल्लक पडते, याचाच अर्थ कर गरजेपेक्षा जास्त आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. मिठावरील कर कमी करावा आणि प्राप्तिकराची सूट-मर्यादा वाढवावी, या त्यांच्या मागण्या होत्या. १९०३ मध्ये मिठावरील कर मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची सूट-मर्यादा ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाली. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, गोखल्यांच्या मागण्यांतील एक सवलत सर्वांत गरिबांसाठी होती आणि दुसरी अल्प उत्पन्नाच्या मध्यमवर्गासाठी. मध्यमवर्गाचे हित आणि गरिबांचे हित यांची एकत्र मांडणी करण्याची ही पद्धत पुढील काळात टिकली नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२७ मध्ये मुंबई कायदे मंडळातील अर्थसंकल्पावरील चर्चेत जमीन महसूल आणि प्राप्तिकर यांची तुलना केली. प्राप्तिकर देणाऱ्यास ठरावीक उत्पन्नापर्यंत सूट असते आणि उत्पन्न झाले नाही तर करही द्यावा लागत नाही. शेतसारा मात्र एक एकरवाल्यालाही द्यावा लागतो आणि पीक बुडाले तरी चुकत नाही, हा त्यांच्या टीकेचा गाभा होता. देयक्षमता हा करन्यायाचा पाया मानला तर जमीन महसुलाची तत्कालीन पद्धत त्या कसोटीला उतरत नव्हती.

या तिघांच्या विचारांतून तीन कसोट्या हाती लागतात. आंबेडकरांची कसोटी देयक्षमतेची आहे, गोखल्यांची गरजेची आणि फुल्यांची लाभाची. आजच्या वादात पहिल्या कसोटीचा उल्लेख वारंवार होतो. उरलेल्या दोन क्वचितच आढळतात.

दरांचा इतिहास आणि दोन्ही पक्षांचा अपुरा पुरावा

स्वातंत्र्यानंतर श्रीमंतांवरील करांचा आराखडा मोठा होता. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ मध्ये मृत्यूकराचा कायदा झाला. निकोलस काल्डोर यांच्या १९५६ च्या अहवालानंतर १९५७ मध्ये संपत्ती कर व खर्च कर आणि १९५८ मध्ये बक्षीस कर आला. १९७३-७४ मध्ये दोन लाख रुपयांवरील उत्पन्नावर अधिभारासह प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ९७.७५ टक्के होता. त्यानंतर दर उतरत गेले. १९७४-७५ मध्ये तो ७७ टक्के झाला, १९७६-७७ मध्ये ६६, १९८५-८६ मध्ये ५० आणि १९९७-९८ मध्ये ३० टक्के. मृत्यूकर १९८५ मध्ये आणि संपत्ती कर २०१५ मध्ये रद्द झाला.

करवाढीचे विरोधक या इतिहासातून असा निष्कर्ष काढतात की, उच्च दरांनी केवळ करबुडवेगिरी वाढली. हा निष्कर्ष निराधार नाही. न्यायमूर्ती वांछू यांच्या अध्यक्षतेखालील प्रत्यक्ष कर चौकशी समितीने १९७१ च्या अंतिम अहवालात अवास्तव उच्च दर हे काळ्या पैशाचे एक कारण मानले आणि सर्वोच्च दर ७५ टक्क्यांपर्यंत उतरविण्याची शिफारस केली. शंभर रुपयांच्या जादा कमाईतून सव्वादोन रुपये हाती उरत असतील, तर ती कमाई लपविण्याचा मोह किती मोठा असेल, हे सांगण्यास अर्थशास्त्राची गरज नाही.

तथापि याच इतिहासाचा दुसरा भाग विरोधक सांगत नाहीत. काल्डोर यांनी प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ४५ टक्क्यांच्या आसपास ठेवण्याची शिफारस केली होती आणि त्याच्या जोडीला संपत्ती, भांडवली लाभ, खर्च व बक्षीस या सर्वांवर एकमेकांना पूरक असे कर सुचविले होते. एका करातून निसटलेले उत्पन्न दुसऱ्यात सापडावे, ही त्या योजनेतील मूळ कल्पना. प्रत्यक्षात कर नवे आले, पण दर त्या पातळीपर्यंत उतरले नाहीत आणि करांची ही परस्परांना धरून राहणारी वीण कधी पूर्ण झाली नाही. खर्च कर तर काही वर्षांतच मोडीत निघाला. म्हणजे अपयशी ठरला तो उच्च दर आणि सैल पाया यांचा संयोग. ‘श्रीमंतांवर कर’ हे तत्त्व त्यात तपासलेच गेले नाही.

समर्थकांचा पुरावाही असाच अपुरा आहे. पूर्वी ९७.७५ टक्के दर होता म्हणजे त्या काळी श्रीमंत खरोखर तेवढा कर देत होते, असे गृहीत धरले जाते. कागदावरील दर आणि प्रत्यक्ष वसुली यांतील अंतर मोठे होते. २०१३-१४ मध्ये संपूर्ण देशातून संपत्ती कराची वसुली १,००८ कोटी रुपये होती, ही बाब अर्थमंत्री अरुण जेटली यांनी हा कर रद्द करताना सांगितली. त्याऐवजी एक कोटीवरील उत्पन्नावर लावलेल्या २ टक्के वाढीव अधिभारातून सुमारे ९,००० कोटी रुपये मिळतील, असा त्यांचा अंदाज होता. नाव मोठे आणि वसुली थोडी, अशा करातून कोणाचे समाधान होईल; परंतु कोणाच्याही गावात विहीर होणार नाही.

दुसरीकडे, १९९७ नंतर दर कमी होऊनही राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात प्रत्यक्ष करांची वसुली पुढील दशकात वाढली, हे खरे आहे. पण ती केवळ दरकपातीमुळे वाढली असे म्हणणे धाडसाचे ठरेल. त्याच काळात मुळातून करकपातीची व्याप्ती वाढली, कायम खाते क्रमांकाचा वापर रुळला, संगणकीकरण झाले आणि सेवा क्षेत्राचा विस्तार झाला. कारणे अनेक असताना एकाच कारणाला श्रेय देणे शास्त्रीय नव्हे.

दर की पाया?

आजच्या वादात सर्वाधिक गोंधळ ‘श्रीमंत’ या शब्दाच्या अर्थाबाबत आहे. प्राप्तिकराचा वरचा टप्पा वाढविला की त्याचा भार प्रथम मोठ्या पगारदारांवर येतो, कारण त्यांचे उत्पन्न पूर्णपणे नोंदलेले असते आणि कर हाती पडण्यापूर्वीच कापला जातो. खऱ्या अर्थाने धनाढ्य असलेल्या व्यक्तींचे उत्पन्न मात्र मुख्यतः पगाराच्या रूपात नसते. ते कंपनीतील नफ्यात, समभागांच्या वाढत्या किमतीत आणि स्थावर मालमत्तेत असते. जुलै २०२४ पासून सूचिबद्ध समभागांवरील दीर्घकालीन भांडवली लाभावर १२.५ टक्के कर आहे. पगाराच्या वरच्या टप्प्यावर तो ३० टक्के आहे. भांडवली लाभ आणि लाभांश यांवरील अधिभाराला १५ टक्क्यांची मर्यादा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये सवलती न घेणाऱ्या कंपन्यांसाठी कंपनी कराचा मूळ दर २२ टक्क्यांवर आला. समभाग न विकता धरून ठेवले तर त्यांच्या वाढीव किमतीवर काहीच कर लागत नाही, आणि धारकाच्या मृत्यूनंतर ते वारसाकडे जाताना मृत्यूकरही नाही.

अशा स्थितीत केवळ वरच्या टप्प्याचा दर ३० वरून ४० टक्के केला, तर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, मोठ्या कंपनीतील अभियंता आणि वकील यांचा कर वाढेल. त्यांच्याहून शेकडो पटींनी संपन्न असलेल्या समभागधारकाचा फारसा वाढणार नाही. समर्थकांनी हा भेद स्पष्ट न केल्याने मध्यमवर्गातील बराच मोठा भाग स्वतःला त्या ‘श्रीमंतां’त मोजू लागतो आणि करवाढीच्या विरोधात उभा राहतो. गोखल्यांनी जे दोन गट एका मागणीत आणले, ते येथे एकमेकांसमोर उभे ठाकतात.

पायाचा दुसरा प्रश्न शेती उत्पन्नाचा आहे आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यात तो टाळता येत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या नोंद ४६ नुसार शेती उत्पन्नावरील कर हा राज्यांचा विषय आहे. केंद्रीय प्राप्तिकरातून हे उत्पन्न वगळलेले आहे आणि २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही ही सूट कायम आहे. प्रा. के. एन. राज यांच्या समितीने १९७२ मध्ये जमिनीचा प्रकार, पीक आणि प्रदेश यांनुसार उत्पन्नक्षमता ठरवून मोठ्या धारणांवर प्रागतिक कर सुचविला होता. तो मुख्य प्रस्ताव राज्यांनी स्वीकारला नाही. इतर उत्पन्नावरील दर ठरविण्यापुरते शेती उत्पन्न मिळवून धरण्याची दुय्यम सूचना तेवढी १९७३ मध्ये अमलात आली.

शेती उत्पन्नावर कर हा शब्द उच्चारताच यवतमाळमध्ये संताप उसळेल, आणि तो समजण्यासारखा आहे. बोंडअळी, अवेळी पाऊस आणि पडते भाव यांच्या कात्रीत सापडलेल्या कोरडवाहू कापूस उत्पादकाकडे करपात्र उत्पन्नच नसते. परंतु आंबेडकरांची १९२७ मधील कसोटी लावली तर हा आक्षेप आपोआप दूर होतो. देयक्षमता हाच निकष असेल, तर पाच-दहा एकर कोरडवाहू शेती असलेला शेतकरी कराच्या कक्षेत येणारच नाही. सूट राहिल्याचा खरा लाभ त्याला मिळत नाही. तो बिगरशेती उत्पन्न शेतीच्या नावाने दाखविणाऱ्यांना मिळतो. पुरेशी पडताळणी न करता अशी सूट दिली जात असल्याचे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीही २०१९ मधील अहवालात निदर्शनास आणले आहे. गरीब शेतकऱ्याच्या नावाने धनिकाने सावली घ्यावी, असा हा प्रकार आहे.

शिवाय शेतकरी करमुक्त आहे, ही समजूतही बरोबर नाही. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा रासायनिक खतांवर ५ टक्के आणि कीटकनाशकांवर १८ टक्के कर लागला. कारखानदाराला कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळते. नोंदणीबाहेरील शेतकऱ्याला ती मिळत नाही. म्हणजे फवारणीच्या औषधावर वणी किंवा घाटंजीचा शेतकरी जो कर देतो, तो पूर्णपणे त्याच्याच पदरी पडतो. अप्रत्यक्ष करांच्या या भारासमोर ठेवून पाहिले म्हणजेच प्रत्यक्ष करांतील सवलतींचे खरे स्वरूप कळते.

कर कोणाच्या तिजोरीत जातो?

या वादातील सर्वांत दुर्लक्षित प्रश्न केंद्र आणि राज्य यांच्यातील वाटपाचा आहे. २००० च्या ऐंशीव्या घटनादुरुस्तीनंतर केंद्राच्या जवळजवळ सर्व करांचे निव्वळ उत्पन्न राज्यांशी विभागले जाते. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांचा एकत्रित वाटा ४१ टक्के ठरविला. परंतु अनुच्छेद २७० आणि २७१ अन्वये उपकर व अधिभार या विभागणीतून वगळलेले आहेत.

अलीकडच्या काळात अतिश्रीमंतांवरील कर वाढविण्यात आला तो प्रामुख्याने अधिभाराच्या मार्गाने. २०१५ मधील २ टक्के वाढ अधिभारच होती. २०१९ मध्ये दोन ते पाच कोटींच्या उत्पन्नावर २५ टक्के व पाच कोटींवरील उत्पन्नावर ३७ टक्के अधिभार लागला, आणि प्रभावी सर्वोच्च दर ४२.७४ टक्के झाला. २०२३ मध्ये नव्या कररचनेत हा अधिभार २५ टक्क्यांवर मर्यादित होऊन प्रभावी दर ३९ टक्के झाला. या अधिभारातील एक रुपयाही घटनात्मक वाटा म्हणून महाराष्ट्राकडे येत नाही, मग तो पुढे यवतमाळकडे कसा येणार?

याउलट २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात नव्या कररचनेखाली बारा लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागणार नाही अशी तरतूद झाली आणि त्यामुळे प्रत्यक्ष करांचे सुमारे एक लाख कोटी रुपये सोडून द्यावे लागतील, असे अर्थमंत्र्यांनी सांगितले. ही सवलत मूळ करातील असल्याने तिच्या भारात राज्येही आपल्या वाट्याच्या प्रमाणात सहभागी होतात. थोडक्यात, मूळ कर कमी झाला तर तोट्यात राज्यांचा वाटा असतो. अधिभार वाढला तर नफ्यात नसतो. ही विषमता लक्षात घेतली तर ‘श्रीमंतांवर कर वाढवा’ ही मागणी अपुरी ठरते. कर मूळ दरात वाढवावा की अधिभारात, हे सांगितल्याखेरीज मागास जिल्ह्यांच्या दृष्टीने ती मागणी निरर्थक आहे.

हा प्रश्न राज्यांतर्गत पातळीवरही आहे. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये राज्यातील प्रादेशिक अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये असल्याचे आणि त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के असल्याचे दाखविले. धन राज्याच्या तिजोरीत आले म्हणजे ते विदर्भात पोहोचतेच असे नाही, हा धडा या अहवालाने दिला.

रोजगार हमी आणि व्यवसाय कर

‘कर कशासाठी’ या प्रश्नाला महाराष्ट्राने दिलेले उत्तर म्हणजे रोजगार हमी योजना. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे झालेल्या प्रयोगातून विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची ही कल्पना पुढे आली. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दारिद्र्यावरील आपल्या प्रसिद्ध अभ्यासात सार्वजनिक कामांच्या रूपाने गरिबांना रोजगार देण्याचा आणि त्यासाठी वरच्या स्तरातील लोकांच्या उपभोगाला कात्री लावण्याचा विचार मांडला होता. १९७२ मध्ये योजना राज्यासाठी जाहीर झाली. दुष्काळातील टंचाई कामांनंतर तिला पुन्हा गती आली. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

या योजनेसाठी १ एप्रिल १९७५ पासून व्यवसाय कर लागू झाला. त्याच्या जोडीला विक्रीकर व मोटार वाहन करावरील अधिभार, बागायती जमिनीवरील उपकर आणि शहरांतील अनिवासी इमारतींवरील कर हेही होते. या करांतून जमलेल्या रकमेएवढीच रक्कम राज्याने स्वतःची घालावी, अशी तरतूद होती. बागायतदारालाही या रचनेत वाटा उचलावा लागला, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे.

या प्रयोगाचे गुणगान पुष्कळ झाले आहे. चिकित्साही तेवढीच आवश्यक आहे. ‘शहरी श्रीमंतांच्या करातून ग्रामीण गरिबांना काम’ हे वर्णन पूर्णतः खरे नाही. विक्रीकरावरील अधिभार शेवटी ग्राहक देतो आणि ग्राहकांत गरीबही येतो. कामांतून झालेल्या पाझर तलावांचा आणि विहिरींचा लाभ जमीनधारकाला मिळाला. मजुराच्या हाती फक्त मजुरी पडली. रोजगार हमीच्या नावाने जमा झालेला कर आणि तिच्यावर झालेला प्रत्यक्ष खर्च यांतील तफावत हा अभ्यासकांच्या टीकेचा विषय राहिला आहे. फुल्यांनी मागितलेला ताळा येथेही पूर्ण जुळत नाही.

तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे. नोकरदार वर्गाने हा कर फारशी कुरकुर न करता स्वीकारला, कारण तो कशासाठी आहे हे त्याला ठाऊक होते. करास मिळणारी संमती दरावर जेवढी अवलंबून असते, तेवढीच ती हेतूच्या स्पष्टतेवर असते. श्रीमंतांवरील करवाढीच्या आजच्या मागण्यांत नेमका हाच दुवा आढळत नाही.

व्यवसाय कराची मूळ मर्यादा मात्र घटनेतच आहे. अनुच्छेद २७६ ने आरंभी या कराची कमाल रक्कम वर्षाला २५० रुपये ठेवली होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये केली. तेव्हापासून ती तेथेच आहे. महाराष्ट्रात दरमहा १०,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा पुरुष कर्मचारी वर्षाला २,५०० रुपये भरतो. महिलांना २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत सूट आहे. या आकड्यांचा अर्थ महाविद्यालयीन अध्यापकांना आपल्या वेतनपत्रकावरूनच कळू शकेल. दरमहा जेमतेम दहा हजारांहून अधिक मिळविणाऱ्या कर्मचाऱ्यावर या कराचा भार उत्पन्नाच्या सुमारे २ टक्के पडतो. वर्षाला अठरा लाख वेतन घेणाऱ्या प्राध्यापकावर तो सुमारे ०.१४ टक्के, आणि पाच कोटी मिळविणाऱ्या व्यावसायिकावर ०.००५ टक्के पडतो. समतेच्या हेतूने आणलेला कर घटनात्मक मर्यादेमुळे प्रतिगामी बनला आहे. एकाच महाविद्यालयातील तासिका तत्त्वावरील अध्यापक आणि पूर्ण वेतनावरील प्राध्यापक यांच्यातही हीच विषमता दिसते.

चौदाव्या वित्त आयोगाने ही मर्यादा १२,००० रुपये आणि पंधराव्या आयोगाने १८,००० रुपये करण्याची शिफारस केली. तशी घटनादुरुस्ती झालेली नाही. प्राप्तिकराच्या अधिभारावर संसदेत व संसदेबाहेर जेवढा वाद झाला, त्याचा अल्पांशही या शिफारशींच्या वाट्याला आला नाही. वस्तुतः त्यातून येणारे धन थेट राज्यांच्या तिजोरीत जमा झाले असते.

यवतमाळच्या दृष्टीने काय पणाला लागले आहे?

१ जुलै २००६ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. २००८ च्या कर्जमाफीत संपूर्ण माफीसाठी दोन हेक्टरांची मर्यादा होती. कोरडवाहू विदर्भात दोन हेक्टरांहून थोडी अधिक जमीन असलेला शेतकरी श्रीमंत नसतो, पण पूर्ण माफीतून तो वगळला गेला. दोन्ही वेळा मदत आली ती केंद्राच्या निर्णयाने, केंद्राने ठरविलेल्या निकषांवर. रोजगार हमीचे स्वरूप याहून वेगळे होते. तो मागता येणारा हक्क होता आणि त्यासाठी राज्याने स्वतःचा कर उभा केला होता. पॅकेज संपते, हक्क पुढील वर्षीही मागता येतो.

राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याची अंमलबजावणी फेब्रुवारी २००६ मध्ये सुरू झाली, तेव्हा यवतमाळ पहिल्या टप्प्यातील जिल्ह्यांत होता. अकुशल मजुरीचा भार केंद्राने उचलल्याने राज्याच्या स्वतंत्र करावरील अवलंबित्व कमी झाले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस १२५ करण्यात आले. परंतु महाराष्ट्रासारख्या राज्यांवर खर्चाचा ४० टक्के भार टाकण्यात आला. झरी जामणी किंवा मारेगाव तालुक्यातील शेतमजुराला कामाचे दिवस मिळणार की नाहीत, हे यापुढे राज्याच्या तिजोरीवर पूर्वीपेक्षा अधिक अवलंबून राहील. आणि त्याच वेळी श्रीमंतांवरील वाढीव कराचा मार्ग अधिभाराचा असेल, तर तो राज्याच्या तिजोरीत येणार नाही. जो राज्याच्या तिजोरीत येतो तो व्यवसाय कर ३५ वर्षांहून अधिक काळ एकाच आकड्यावर अडकलेला आहे.

समारोप

उपरोक्त चर्चेवरून असे दिसते की, श्रीमंतांवरील करवाढीच्या वादात दोन्ही पक्ष दराच्या आकड्यात अडकले आहेत. विरोधकांचा ९७.७५ टक्क्यांचा दाखला खरा आहे, पण तो सैल पायावरील उंच दराविरुद्धचा दाखला आहे. समर्थकांची विषमतेची आकडेवारी गंभीर आहे, पण केवळ वरच्या टप्प्याचा दर वाढविल्याने ती विषमता हटेल हे सिद्ध होत नाही.

देयक्षमतेच्या कसोटीवर भांडवली लाभ, वारसा-संपत्ती आणि मोठे शेती उत्पन्न यांना मिळणारी वेगळी वागणूक टिकत नाही. गरजेच्या कसोटीवर मागास जिल्ह्यांना वाटा मिळावा अशा मार्गाने, म्हणजे अधिभाराऐवजी मूळ करातून, वाढ होणे आवश्यक ठरते. लाभाच्या कसोटीवर वाढीव कर एखाद्या हक्काशी जोडलेला असला पाहिजे आणि त्याचा हिशेब जनतेसमोर आला पाहिजे. अनुच्छेद २७६ मधील मर्यादा वाढविणे व व्यवसाय कराला उत्पन्नानुसार टप्पे देणे हा या दिशेने सर्वांत जवळचा मार्ग आहे. त्याचा काही भार अध्यापक वर्गावरही येईल, हे मान्य केले पाहिजे. इतरांवरील कराची मागणी करणे सोपे असते. १९७५ मध्ये महाराष्ट्रातील पगारदारांनी स्वतःवरील कर स्वीकारला, म्हणून रोजगार हमीला पाया मिळाला. श्रीमंतांवरील करवाढीच्या मागणीला नैतिक बळ यायचे असेल, तर तिची सुरुवातही याच तयारीने व्हावी लागेल.